बावीस वर्षांचा फर्नेस: हा हिवाळा काढेल की आत्ताच बदलावा?

वळचण | २६ ऑक्टोबर, रात्री १०:१२

शिकागोजवळ नेपरव्हिलला राहतो. घर २००३ चं, फर्नेस (घर तापवायचं यंत्र) बिल्डरने बसवलेला तोच. नॅचरल गॅस, ८० टक्केवाला (म्हणजे गॅसच्या उष्णतेतले ८० टक्के घरात येतात, बाकी धुराड्यातून जातात), लेबलवर इनपुट तासाला १,००,००० बीटीयू (उष्णतेचं माप). दर ऑक्टोबरात ट्यून-अप करून घेतो. काल आलेला टेक्निशियन थोडा वेळ बेसमेंटमध्ये होता आणि वर आला तो टॅबलेटवर नव्या फर्नेसचा कोट, म्हणजे दरपत्रक, उघडूनच. म्हणे हीट एक्स्चेंजरला तडा गेलाय, कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा धोका आहे, चालू ठेवा असं मी सांगू शकत नाही. फोटो मागितला तर "तडा फोटोत नीट दिसत नाही". नवीन ९६ टक्केवाला ७,८०० डॉलर, आजच सही केली तर ५०० सूट.

सही केली नाही. पण फर्नेस बंद ठेवलाय. घरात कार्बन मोनॉक्साइडचे दोन अलार्म आहेत, एकदाही वाजलेले नाहीत. आत्तापर्यंत एक इग्नायटर बदलला, बाकी तक्रार नाही. हल्ली सुरू होताना किंचित कण्हल्यासारखा आवाज येतो, एवढंच.

नेहमीसारखं असतं तर "बघू" म्हणून सोडून दिलं असतं. पण जानेवारीत बायकोची डिलिव्हरी आहे आणि डिसेंबरात सासूबाई नाशिकहून येतायत. जानेवारीच्या मध्यरात्री हा बंद पडला तर मला तोंड दाखवायला जागा नाही. फर्नेस खरंच बदलायला झालाय हे ओळखायचं कसं?

---

तिखटजाळ | २६ ऑक्टोबर, रात्री १०:४०

"आजच सही केली तर सूट" इथपर्यंत वाचलं आणि काय ते कळलं.

मिनिआपोलिसला राहतो, म्हणजे आमच्याकडे फर्नेस हा घरातला ज्येष्ठ सदस्य असतो. दुसरं मत घ्या. मात्र "फुकट इन्स्पेक्शन" करणाऱ्याकडून नको. पैसे मोजून तपासणी करणारा माणूस बोलवा आणि आधीच सांगा की नवीन विकत घेणार नाही, फक्त तपासून लेखी दे. तोवर बंद ठेवलाय ते उत्तम. इलेक्ट्रिक हीटर लावलात तर थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये लावा, एक्स्टेन्शन कॉर्डवर नको.

---

गव्हला | २७ ऑक्टोबर, सकाळी ११:०५

पुण्यात ऑक्टोबर हीटने जीव जातोय, पंखा पाचवर आहे आणि इथे लोक घर तापवायचं यंत्र आठ हजार डॉलरला घेतायत. रुपयांत गुणाकार केला आणि चहा थंड झाला.

बाकी चालू द्या, वाचतोय.

---

नट_बोल्ट | २७ ऑक्टोबर, सकाळी ११:५०

याच धंद्यात आहे, क्लीव्हलंडला. विक्रीत नाही, डिझाइनमध्ये असतो. त्यामुळे सविस्तर लिहितो.

आधी तडा. हीट एक्स्चेंजर म्हणजे पत्र्याच्या बंद नळ्या किंवा कप्पे. आतून गॅसची ज्योत, बाहेरून ब्लोअरने फेकलेली घरातली हवा. दोन्ही कधीच एकमेकांत मिसळायच्या नाहीत. दर वेळी तापताना पत्रा फुगतो, निवताना आकसतो. वीस-बावीस हिवाळे हे चाललं की वळणाच्या जागी किंवा जोडावर तो थकतो. मग ब्लोअर सुरू झाला की त्याची हवा फटीतून आत घुसते, ज्योत विस्कटते, गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. म्हणून धोका खरा आहे, त्याची चेष्टा नको.

पण म्हणूनच तो धोका दाखवून विक्री करणंही सोपं. खरा तडा दाखवता येतो. बर्नर काढून आत बारीक कॅमेरा घालतात, त्याला बोरोस्कोप म्हणतात, आणि तुमच्या डोळ्यांदेखत फोनवर चित्र दिसतं. दुसरी खूण ज्योतीची: बर्नर पेटल्यावर निळी ज्योत सरळ आत ओढली जाते. साधारण अर्ध्या-एक मिनिटाने ब्लोअर सुरू होतो. त्या क्षणी ज्योत थरथरली, पिवळी पडली किंवा मागे आली तर गडबड आहे. तिसरं, धुराड्यात ॲनलायझरची नळी घालून कार्बन मोनॉक्साइड मोजायचा, ब्लोअर सुरू व्हायच्या आधी आणि नंतर. आकडा स्थिर राहिला पाहिजे. या तिन्हीतलं काहीच न करता "तडा आहे" म्हणणाऱ्याला नमस्कार करायचा. आणि नुसता गंज म्हणजे तडा नव्हे.

अलार्म वाजले नाहीत यावर फार विसंबू नका. अमेरिकेतल्या नेहमीच्या अलार्मचं प्रमाणच असं आहे की ७० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत ७० भाग) तो एक ते चार तासांत वाजतो. त्याहून बरंच कमी प्रमाण असेल तर तो गप्प बसतो, आणि तो बिघाड नाही, नियमच तसा आहे. शिवाय अलार्मलाही वय असतं. मागे तारीख बघा, मॉडेलप्रमाणे पाच ते दहा वर्षांत बदलावा लागतो. घरात गर्भवती बाई आणि पुढे तान्हं बाळ असणार, तर कमी प्रमाणही आकड्यात दाखवणारा मॉनिटर घ्या.

आता वय. गॅस फर्नेस साधारण १५ ते २० वर्षं चालतो असं धरतात. तुमचा त्यापुढे गेलाय, पण नुसत्या वयावर यंत्र काढत नाहीत. इग्नायटर, फ्लेम सेन्सर, प्रेशर स्विच, कपॅसिटर ही किरकोळ दुखणी. फ्लेम सेन्सरवर, म्हणजे ज्योत लागली का ते बघणाऱ्या काडीवर, पांढरट थर बसतो, बारीक स्टील वूलने पुसला की झालं. पेटून काही सेकंदांत विझतो, पुन्हा पेटतो, पुन्हा विझतो असं चाललं असेल तर निम्म्या वेळा हेच निघतं. आणि फिल्टर! तुंबलेल्या फिल्टरने हवा अडते, आतलं तापमान वाढतं, लिमिट स्विच बर्नर बंद करतो. लोक म्हणतात फर्नेस म्हातारा झाला.

महागाची दुखणी म्हणजे इन्ड्यूसर (धूर बाहेर ओढणारा छोटा पंखा) मोटर, कंट्रोल बोर्ड, ब्लोअर मोटर. तुमचा कण्हण्याचा आवाज बहुधा इन्ड्यूसरच्या बेअरिंगचा असेल. कारण थर्मोस्टॅटने हाक दिली की सगळ्यात आधी तोच फिरतो.

हीट एक्स्चेंजर खरंच गेला असेल तर मात्र या वयात दुरुस्ती नाही. सुटा भाग वॉरंटीत फुकट मिळाला तरी सगळं उघडून बसवायची मजुरी इतकी होते की त्यात निम्मा नवा येतो.

---

सोनसाखळी | २७ ऑक्टोबर, दुपारी २:२०

एडिसन, न्यू जर्सी. दोन वर्षांपूर्वी यातूनच गेले आहे, म्हणून एक गोष्ट सांगते जी कोटमध्ये कुणी लिहीत नाही.

तुमचा वॉटर हीटर गॅसचा आहे का, आणि त्याचा धूर फर्नेसच्याच चिमणीत जातो का? ८० टक्केवाल्या फर्नेसचा गरम धूर चिमणीतून वर जातो. ९० च्या वरच्या फर्नेसचा धूर इतका गार असतो की त्याला चिमणी लागतच नाही, प्लास्टिकच्या पाइपने भिंतीतून बाहेर काढतात. मग चिमणीत एकटा वॉटर हीटर उरतो. एवढ्या मोठ्या चिमणीला तो एकटा तापवू शकत नाही, आत पाणी धरतं आणि धूर उलटा घरात यायची भीती असते. त्यासाठी चिमणीत लायनर, म्हणजे आतून अरुंद नळी, घालावा लागतो. आमच्या कोटमध्ये तो नव्हताच. टाऊनशिपच्या इन्स्पेक्टरने परमिट अडवलं तेव्हा कळलं, आणि कॉन्ट्रॅक्टर म्हणाला त्याचे पैसे वेगळे पडतील.

आणि हो, स्वयंपाकघरात मोठा एक्झॉस्ट हूड बसवलेल्यांनी विशेष लक्ष द्या. आपल्या फोडण्यांसाठी आपण दांडगे हूड घेतो. ते घरातली हवा एवढ्या जोरात खेचतात की चिमणीवरच्या वॉटर हीटरचा धूर उलटा फिरू शकतो. ४०० सीएफएमच्या (मिनिटाला ४०० घनफूट हवा) वरच्या हूडला बाहेरून हवा आत आणायची सोय करावी असं बांधकाम नियमांत आहे, पण नूतनीकरणात ते सर्रास राहून जातं.

---

अबोली७ | २७ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:३०

मी हीट पंपाची (बाहेरच्या हवेतली उष्णता विजेवर आत ओढणारं यंत्र) बाजू मांडणार, शिव्या घाला :)

बोस्टनजवळ राहतो. आता थंड प्रदेशांसाठी बनवलेले हीट पंप खरंच चालतात. ५ अंश फॅरनहाइटलाही एक युनिट विजेत पावणेदोन युनिट उष्णता द्यायलाच हवी, तरच त्या वर्गातलं एनर्जी स्टार (ऊर्जाबचतीचं सरकारी प्रमाणपत्र) मिळतं. एसी आणि हीटिंग एकाच यंत्रात. सरकारी करसवलत मात्र आता विसरा, ३१ डिसेंबर २०२५ नंतर बसवलेल्या यंत्राला ती मिळत नाही. फर्नेसला मिळायची तीही गेली. सेल्समन अजून तिचं गाजर दाखवत असेल तर दार दाखवा. राज्याच्या किंवा वीज कंपनीच्या सवलती असतील त्या वेगळ्या, त्या बघा.

---

तिखटजाळ | २७ ऑक्टोबर, संध्याकाळी ७:०५

@अबोली७ शिव्या कशाला, पण गणित करा. मिडवेस्टमध्ये गॅस स्वस्त आणि वीज त्या मानाने महाग. आमच्याकडे निव्वळ हीट पंप घेतलेला शेजारी जानेवारीचं वीजबिल बघून गप्प झाला. फर्नेस ठेवून जोडीला हीट पंप, म्हणजे ड्युअल फ्युएल, हे पटतं. पण ज्याच्या घरी जानेवारीत बाळ येणार त्याने या वर्षी प्रयोग करू नयेत.

---

वळचण | १ नोव्हेंबर, रात्री ९:१५

सगळ्यांचे मनापासून आभार. अपडेट देतो.

दुसरा टेक्निशियन येऊन गेला. एक वयस्क पोलिश गृहस्थ, स्वतःचीच छोटी कंपनी. तपासणीचे १८९ डॉलर. बर्नर काढले, कॅमेरा आत घातला आणि फोन माझ्या हातात दिला, तुम्हीच बघा म्हणाला. तडा नाही. चारही कप्पे फिरून दाखवले. तिसऱ्या कप्प्यावर वरून खाली आलेला गंजाचा तपकिरी ओघळ मात्र आहे. त्याने टॉर्च वर नेला तर डक्टला (गरम हवेचा पत्र्याचा नळ) लावलेल्या ह्युमिडिफायरच्या (हवेत ओलावा सोडणारं यंत्र) कडेने पाणी झिरपत होतं. म्हणाला तडा नसला तरी हेच पाणी एक दिवस तो पाडणार. धुराड्यातला कार्बन मोनॉक्साइड ३८ पीपीएम, ब्लोअर लागल्यावरही तेवढाच. कण्हणं इन्ड्यूसरचंच निघालं, नट_बोल्ट यांना साष्टांग.

त्याचं मत: ह्युमिडिफायर आधी दुरुस्त करा, इन्ड्यूसर बदला (साडेसहाशे), हिवाळा निघेल. एप्रिलमध्ये निवांत नवा घ्या. "गॅरंटी?" विचारल्यावर हसला.

आता खरा पेच. साडेसहाशे या म्हाताऱ्यावर घालू का? एसीही २००३ चाच आहे. गॅसचं वर्षाचं बिल १,३५० च्या आसपास. ९६ टक्केवाल्याने किती वाचेल?

---

नट_बोल्ट | १ नोव्हेंबर, रात्री ११:०२

बिलाचं आधी उरकू. उन्हाळ्यात फर्नेस बंद असताना महिन्याला किती येतं? समजा ३५. ते पाणी तापवणं, शेगडी आणि स्थिर आकार. वर्षाचे ४२० बाजूला काढा, तापवण्याचे उरले ९३०. ८० वरून ९६ वर गेलात तर तेवढ्याच उबेसाठी गॅस एक षष्ठांशाने कमी लागतो. म्हणजे साधारण १५५ डॉलर वर्षाला. एवढ्यासाठी धडधाकट फर्नेस कुणीही काढू नये. "बिल निम्मं होईल" म्हणणारे थापा मारतात.

लोक दुरुस्तीचा खर्च गुणिले वय असा एक ठोकताळा वापरतात. ५,००० च्या वर गेलं तर नवा घ्या. तुमचं ६५० गुणिले २२, चौदा हजारांच्या वर. ठोकताळाच तो, मला फारसा आवडत नाही, कारण नवा फर्नेस आज कितीला पडतो हे त्यात कुठेच नाही. पण इथे दिशा बरोबर दाखवतो.

माझा निकष वेगळा आहे. फर्नेस कधी मरेल हे त्या पोलिश आजोबांनाही सांगता येणार नाही, म्हणून तर ते हसले. पण तो नको त्या रात्री मेला तर तुमच्या घरात काय होईल हे तुम्हाला आत्ता सांगता येतं. एकटा माणूस दोन दिवस मित्राकडे जाऊन राहील. अशाला मी डोळे मिटून सांगेन, इन्ड्यूसर बदल आणि एप्रिलची वाट बघ. तुमच्याकडे ओली बाळंतीण, तान्हं बाळ आणि इथली थंडी पहिल्यांदाच बघणाऱ्या सासूबाई. शिवाय जानेवारीच्या त्या रात्री जो कॉन्ट्रॅक्टर फोन उचलेल त्याच्याकडेच, त्याच्या गोडाउनात जो आकार पडला असेल तोच, तो मागेल त्या भावाने घ्यावा लागतो. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात तुम्ही तीन कोट घेऊ शकता. ह्या मोकळेपणाची किंमत साडेसहाशेपेक्षा जास्त आहे.

एसीत आर-२२ हा गार करणारा जुना वायू असणार. २०२० पासून अमेरिकेत तो वायू बनवायला आणि आयात करायला बंदी आहे, गळती झाली तर भरणं परवडत नाही. एसीचं कॉइल फर्नेसच्या डोक्यावरच बसतं. ऐपत असेल तर दोन्ही एकदम करा, डक्टचा तोच पत्रा दोनदा कापायची मजुरी वाचते. नसेल तर फर्नेस आत्ता, एसी मेमध्ये, आभाळ कोसळत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, १,००,००० च्या जागी १,००,००० घेऊ नका. तुमच्याकडे स्मार्ट थर्मोस्टॅट आहे का? गेल्या जानेवारीत सर्वांत थंड रात्री तासाला किती मिनिटं फर्नेस चालला ते त्यात मिळेल.

---

वळचण | २ नोव्हेंबर, सकाळी ७:४०

आहे. बाहेर शून्य फॅरनहाइट होतं त्या रात्री सरासरी तासाला २८ मिनिटं.

---

नट_बोल्ट | २ नोव्हेंबर, सकाळी ८:३०

मग बघा. १,००,००० इनपुट, ८० टक्के, म्हणजे घरात ८०,००० येतात. तासातली २८ मिनिटं, म्हणजे घराची गरज जेमतेम ३७,०००. शिकागोत ३० जानेवारी २०१९ ला ओहेअर विमानतळावर उणे २३ फॅरनहाइट नोंदलं गेलं होतं, त्या दिवसाचं गणित केलं तरी ५०,००० च्या आत. ६०,००० इनपुटचा ९६ टक्केवाला ५७,६०० देतो. पुरून उरतो.

बिल्डरने सगळ्या कॉलनीत एकच मोठा आकार ठोकलेला असतो. मोठा फर्नेस पाच मिनिटांत घर तापवून बंद होतो, पुन्हा लागतो. वरची खोली गरम, तळघर गार, आणि पत्र्याची फुगण्या-आकसण्याची आवर्तनं दुप्पट. कॉन्ट्रॅक्टरला "मॅन्युअल जे" (Manual J) मागा, म्हणजे घराला किती उष्णता लागते याची खिडक्या-भिंतींसकट मोजणी. जो म्हणेल "गरज नाही, जुनं लेबल बघितलं", त्याला यादीतून काढा.

---

पाऊलवाट | २ नोव्हेंबर, दुपारी १:१०

मिसिसॉगाहून. कॅनडातल्या वाचकांसाठी थोडं वेगळं.

आमच्याकडे ८० टक्केवाल्याचा प्रश्नच नाही, २०१९ पासून नव्या घरगुती गॅस फर्नेसला किमान ९५ टक्के सक्तीचं आहे. ओंटारियोत टीएसएसएचा (प्रांताची तांत्रिक सुरक्षा संस्था) परवाना असलेलाच माणूस गॅसला हात लावू शकतो, परवाना मागा, हक्काने मागा. यंत्रात धोका दिसला की त्यावर लावतात ते लाल टॅग दोन प्रकारचे. टाइप ए म्हणजे तत्काळ धोका, गॅस तिथल्या तिथे बंद. टाइप बी म्हणजे मुदतीत दुरुस्त करा. टॅग बघून हातपाय गाळण्याआधी कुठला आहे ते वाचा.

आणि दारावर येणारे "आम्ही गॅस कंपनीकडून आलोय, तुमचा फर्नेस तपासायचाय" वाले. ओंटारियोत १ मार्च २०१८ पासून न बोलावता घरी येऊन फर्नेस किंवा एसीचे करार करायला बंदी आहे. तरी नवीन आलेल्या आपल्या पोरांना अजून भाड्याच्या करारात अडकवतात. महिना शंभर-सव्वाशे ऐकायला बरं वाटतं, दहा वर्षांत दोन फर्नेसचे पैसे होतात. वर घराच्या कागदांवर त्याची नोंद करून ठेवायचे आणि घर विकताना हजारो मागायचे. ती नोंद करणं २०२४ च्या कायद्याने बंद झालं. पण करार तो करारच. जुनं घर घेताना फर्नेस मालकीचा की भाड्याचा हे वकिलाला आधी विचारायला लावा.

---

वळचण | १६ नोव्हेंबर, रात्री ८:५०

झालं एकदाचं. तीन कोट घेतले. एकाने जुनं लेबल बघून परत १,००,००० लिहिला, तो बाद. दुसऱ्याने मोजणी केली पण लायनर विसरला. सोनसाखळी, तुमचं वाक्य मी त्याला इंग्रजीत जसंच्या तसं ऐकवलं! शेवटी पोलिश आजोबांनाच काम दिलं. ६०,००० चा टू-स्टेज (कमी आणि पूर्ण अशा दोन जोरांवर चालणारा) फर्नेस, नवा एसी, चिमणीला लायनर, परमिट धरून ११,९००. एका दिवसात बसवलं, परवा सिटीचा इन्स्पेक्टर पास करून गेला.

नवा इतका हळू चालतो की बायकोने दोनदा व्हेंटवर हात धरून लागलाय का ते बघितलं.

---

तिखटजाळ | १६ नोव्हेंबर, रात्री ९:२०

अभिनंदन! आता एक लक्षात ठेवा. भिंतीतून बाहेर आलेले ते दोन पांढरे पाइप बर्फाच्या वादळानंतर मोकळे करायचे. तिथे बर्फ साचला की हवा अडते, प्रेशर स्विच उघडतो आणि कोरा करकरीत फर्नेस मुकाट बंद पडतो. आमच्या गल्लीत दर फेब्रुवारीला कुणीतरी यासाठी टेक्निशियनला पैसे देतं. काम फावड्याचं असतं.

---

काकडआरती | १७ नोव्हेंबर, सकाळी ६:१५

धागा आवडला. डॅलसला आहे, फर्नेस ॲटिकमध्ये, १७ वर्षांचा, ८० टक्केवाला. इग्नायटर सोडता त्रास नाही. आम्हीही ९६ वर जावं का?

---

नट_बोल्ट | १७ नोव्हेंबर, सकाळी ८:०५

@वळचण, वॉरंटी ऑनलाइन नोंदवली का? बहुतेक कंपन्या ६० किंवा ९० दिवसांत नोंदणी केली तरच सुट्या भागांची दहा वर्षं देतात, नाहीतर पाचवर येते. कॉन्ट्रॅक्टर "मी करतो" म्हणतो आणि विसरतो. आज रात्रीच करा.

@काकडआरती, नको. तुमच्याकडे हिवाळा इतका छोटा की गॅसमधली बचत हाती लागणार नाही. शिवाय ९० च्या वरच्या फर्नेसमधून पाणी निघतं. ते ॲटिकमधून वाहून न्यायचं, आणि फेब्रुवारी २०२१ सारखी थंडी आली तर ती नळी गोठते, फर्नेस नेमका तेव्हाच बंद पडतो. ८० टक्केवालाच ठेवा, दरवर्षी ज्योत आणि धुराडं तपासून घ्या. एसी बदलायची वेळ येईल तेव्हा फर्नेसच्या जागी हीट पंपाचा कोट मागवा, अबोली७ यांचं म्हणणं तुमच्या हवेत जास्त लागू आहे.

---

अबोली७ | १७ नोव्हेंबर, सकाळी ८:४०

अखेर!